मध्यंतराला लावलेली कडी

मी एक टेबल बोलतोय. जेवणाचं नव्हे, अभ्यासाचंही नव्हे. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीला लागून एक लांबट, बिनखिडकीची खोली आहे. तिथलं उपचाराचं टेबल म्हणजे मी. वरून काळं रेक्झिन, आत चार बोटं फोम आणि डोक्याच्या बाजूला तोंड मावेल एवढं भोक. पालथे झोपलेले खेळाडू त्या भोकातून फरशीशी बोलतात. खरं तर माझ्याशीच.

मैदान मी कधी पाहिलेलं नाही. भिंतीपलीकडे प्रेक्षक बसतात. ते उठले की माझे पाय थरथरतात आणि त्यावरूनच मला गोल कळतो. आपला असेल तर थरथर बराच वेळ टिकते. त्यांचा असेल तर झटकन थांबते.

खोलीवर राज्य ताईंचं. ताई आमच्या फिजिओ. पन्नाशीच्या, मनगटं सुतारासारखी, बोलणं मोजकं. कुणी कण्हत म्हणालं, "ताई, जरा हळू," तर म्हणायच्या, "हळू हवं होतं तर बुद्धिबळ खेळायचंस."

आणि आमचा कर्णधार. बचावफळीच्या मधोमध उभा राहायचा, उंचावरून आलेला प्रत्येक चेंडू डोक्यानं परत धाडायचा. अकरा वर्षं हेच केलं त्यानं. सगळे त्याला 'भिंत' म्हणत.

त्या हंगामाची सुरुवात झकास झाली. लीगमधले पाचपैकी चार सामने जिंकले, चषकाची पहिली फेरीही सहज पार पडली. खोलीत गाणी, शिट्ट्या, ओल्या टॉवेलांची फेकाफेक. सहाव्या सामन्यात समोरच्या खेळाडूचं कोपर भिंतीच्या कानशिलावर बसलं. त्याला आणून माझ्यावर आडवं केलं.

"आज वार कोणता?" ताईंनी विचारलं.

"शनिवार."

रविवार होता.

"खेळतोय कुणाशी आपण?"

तो हसला. "कुणाशीही असेना ताई, हेडर मीच मारणार."

दारात उभे असलेले सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली आणि त्याला तीन आठवडे बसवलं.

त्या तीन आठवड्यांत संघ तिन्ही सामने हरला. प्रशिक्षक खोलीत आले. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच धास्ती वाटायची. "मॅडम, तो चालतोय, बोलतोय, दोन वेळ जेवतोय. आणखी काय हवंय तुम्हाला?"

"आणखी वेळ," ताई म्हणाल्या.

तो परतला. पण संघाची घडी विस्कटली ती विस्कटलीच. लीगमध्ये आम्ही तळाला जाऊन बसलो. चषकात मात्र कसेबसे पुढे सरकत राहिलो. हिवाळ्यात उपांत्यपूर्व सामन्यात त्याला दुसरा मार बसला. या वेळी तो स्वतःच्या पायांनी आला आणि दार लोटून घेतलं.

"ताई, हे लिहू नका. चषक हातातोंडाशी आलाय. मी बसलो तर पोरं कोलमडतील."

ताईंनी वही माझ्यावर ठेवली. पेन बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी लिहिलं : मानेला लचक. इतकं दाबून लिहिलं की अक्षरं माझ्या रेक्झिनवर उमटली.

तिथून पुढे मला त्या खोलीची भीती वाटू लागली. भिंत आला की म्हणायचा, "ती ट्यूबलाइट घालवा, डोळ्यांत टोचते." एकच प्रश्न दहा मिनिटांत दोनदा विचारायचा. एकदा तर दोन वर्षांपूर्वी क्लब सोडून गेलेल्या गोलरक्षकाला हाका मारत बसला. सगळ्यांना वाटलं, गंमत करतोय.

ताई मात्र दर आठवड्याला तपासायच्या. वार, विरोधी संघ, मागचा निकाल. तो धडाधड बरोबर उत्तरं द्यायचा. ताईंच्या खांद्यांवरचं ओझं उतरायचं. त्यांना दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. त्या यायच्या आधी तो कुशीवर वळून मनगटावरची पांढरी पट्टी वाचत पडलेला असायचा, परीक्षेला निघालेल्या मुलासारखा.

उपांत्य सामना आमच्याच मैदानावर होता. मध्यंतर झालं तेव्हा गोल कुणाचाच नव्हता. गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढताना भिंतीचं डोकं खांबावर आपटलं होतं. तो दाराची चौकट धरून आत आला आणि माझ्यावर बसला.

"वार?"

"रविवार."

"मागचा सामना?"

त्यानं मान खाली घातली. "दोन-एक. जिंकलो."

ताईंनी त्याचा हात हातात घेतला. मला वाटलं, नाडी बघतायत. त्यांनी मनगट उलटं केलं. पट्टीवर बॉलपेननं लिहिलं होतं : रविवार. उपांत्य फेरी. मागचा सामना २–१ जिंकलो. त्याखाली त्याच्या मुलीचं नाव आणि वय.

"हे कशाला लिहिलंस?"

त्यानं पट्टीवर तळवा ठेवला. "परवा तिला आणायला शाळेत गेलो होतो. फाटकाशी बाईंनी विचारलं, कुणाला न्यायचंय. मला सांगताच येईना."

"मग?"

"तीच धावत आली. वाचलो."

ताई उठल्या आणि दाराला आतून कडी लावली. मग फोन काढून रुग्णवाहिका बोलावली.

बाहेरून टकटक झाली. "मॅडम, वेळ झाली. पाठवा त्याला," प्रशिक्षकांचा आवाज आला.

"तो येणार नाही."

"हा सामना तुमच्यामुळे गेला तर उद्या तुम्ही इथे नसाल."

"नसेन."

"ताई, पंचेचाळीसच मिनिटं," भिंत म्हणाला. "मग जन्मभर झोपेन."

"त्याचीच भीती वाटतेय मला."

तो उठला, दोन पावलं टाकली आणि त्याचा गुडघा मुडपला. ताईंनी त्याला सावरून पुन्हा माझ्यावर निजवलं. बॅटरीनं डोळे पाहिले. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती. त्यानंतर त्या सारख्या त्याच्याशी बोलत राहिल्या, मुलीबद्दल, घराबद्दल. तो एकेक शब्द उचलून आणावा तसं उत्तर देत होता.

माझे पाय थरथरले आणि लगेच थांबले.

"गोल कुणाचा?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"आपला," ताई म्हणाल्या.

रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हाच त्यांनी दार उघडलं.

त्याच्या कवटीखाली रक्त साचलं होतं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि तो जगला. पुन्हा मात्र मैदानात उतरला नाही. त्या एका गोलानं चषक गेला, शेवटच्या सामन्यात लीगमधली जागाही गेली आणि क्लब खालच्या गटात ढकलला गेला. बाहेरच्या भिंतीवर लोकांनी ताईंबद्दल वाटेल ते लिहिलं.

क्लबानं त्यांना चौकशीला बोलावलं. त्यांनी वही नेली आणि ते पान स्वतःच उघडून दाखवलं. म्हणाल्या, "दार लावल्याचं मला वाईट वाटत नाही. हे खोटं मी लिहिलं, त्याची शिक्षा द्या." नोकरी गेली. जाण्याआधी माझ्यावरून ओलं फडकं फिरवलं, फाटल्या जागी पट्टी चिकटवली आणि जराशा टेकल्या. तेवढाच निरोप.

आता नवा हंगाम सुरू झालाय. फिजिओ नवा आहे, हसतमुख आहे, प्रशिक्षकांशी त्याचं छान जमतं. बचावफळीत नवा उंच खेळाडू आलाय, तोही चेंडू डोक्यानंच परत धाडतो. मागच्या रविवारी सामन्यानंतर तो बेसिनमध्ये ओकला आणि नळ सोडून उभा राहिला.

"काय झालं रे?"

"सकाळचं काहीतरी बाधलं."

फिजिओनं लिहिलं : पोट बिघडलं.

मला तोंड आहे ते फक्त भोक आहे. तुम्हाला खरं तोंड आहे. डोक्याला मार लागलेला खेळाडू लडखडत उठतो तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता. एवढंच सांगायचं होतं, पुढच्या वेळी टाळ्या वाजवू नका. ओरडा. त्याला बाहेर काढा म्हणून ओरडा.

भिंतीपलीकडे लोक जमायला लागलेत. तो उंच खेळाडू माझ्यावर बसून बुटाची नाडी बांधतोय. बांधून झाली. तिच्याकडे बघत राहिलाय. आता सोडून पुन्हा बांधतोय.