व्हय म्हाराजा

धोंडूमामांना 'नाही' म्हणता येत नाही, हे आमच्या वाडीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. सरकारला तेवढं ठाऊक नव्हतं.

देवळात गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा प्रत्येक वाक्यामागून सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात पहिला आवाज मामांचा. हा मान त्यांच्या घराण्याचा, आणि आवाज असा, की होडीतल्या माणसानेही हात जोडावेत. मी शेजारच्या ख्रिस्ती घरातली, पण लहानपणी तो आवाज ऐकायला देवळाच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, जाऊन बसत असे.

चौऱ्याऐंशी साली भावकीतल्या सत्यवानाने मामांवर नारळचोरीची फिर्याद ठोकली. माड कोणाचा, हेच मुळात ठरलेलं नव्हतं. मी वेंगुर्ल्यात वकिली करते. पण "तुका कित्याक तरास," म्हणून हे महाशय एकटेच कोर्टात गेले आणि शिक्षा घेऊन आले.

मॅजिस्ट्रेट घाटावरचे, नवे. त्यांनी आरोप वाचला तो एकेक वाक्य तोडून, लांब सुरात. दर वाक्याला मामांच्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा." शेवटचं वाक्य होतं, "गुन्हा कबूल आहे?"

दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. मामांना वाटलं, सुटलो. मग देवळाच्या मानकऱ्यांनी सांगितलं, चोरीचा शिक्का बसलेल्याने गाऱ्हाण्याला उभं राहायचं नाही. तेव्हा ते माझ्या ओटीवर येऊन बसले.

"दंड गेलो तो गेलो. पण माजो आवाज काढून घेतल्यानी गो."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. "पण मामा, तुमी कबूल कित्याक केल्यात?"

"मी खंय केलंय? मी नुसता व्हय म्हटलंय."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. कबुलीवरून झालेल्या शिक्षेवर अपील चालत नाही. फार तर शिक्षा जास्त झाली म्हणून भांडता येतं. जिल्हा कोर्टात माझे कागद गेले तसे परत आले. उरली फेरतपासणीची वाट, म्हणजे खालच्या कोर्टाचं काम नियमाने झालं का, एवढंच वरच्या कोर्टाने बघायचं. तिथे माझा मुद्दा एकच: आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहावी, असं कायदा सांगतो. इथे लिहिलं होतं नुसतं 'कबूल'. मामांचे शब्द कुठेच नव्हते.

सुनावणीला निघताना मी बजावलं, "तोंड उघडूचा नाय."

"व्हय," मामा म्हणाले.

न्यायाधीश वयस्क, शांत. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "बाई, सवयीने कोणी गुन्हा कबूल करतं का?" आणि ते मामांकडे वळले. "चोरी तुम्ही केलीत?"

"व्हय म्हाराजा."

मी कपाळाला हात लावला. सगळं मुसळ केरात गेलं होतं.

न्यायाधीश थोडा वेळ मामांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चोरी तुम्ही केली नाहीत?"

"व्हय म्हाराजा."

"आणि तुमच्या वकीलबाई उगाच माझा वेळ घेताहेत?"

मामांनी माझ्याकडे फार दिलगिरीने बघितलं. "व्हय म्हाराजा."

शिक्षा रद्द झाली आणि खटला पुन्हा चालवायचा हुकूम झाला. परतीच्या एसटीत मी मामांकडून 'नाय' घोटून घेतलं. कंडक्टरने तिकीट काढलं का विचारलं, तर खिशात तिकीट असून त्यालाही ते 'नाय' म्हणाले.

पुन्हा तेच कोर्ट, तोच लांब सूर. मामांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. "गुन्हा कबूल आहे?"

"नाय," मामा म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून हळूच पुढे, "रागावू नका म्हाराजा."

माड आपला असल्याचं सत्यवानाला काही दाखवता आलं नाही. मामा सुटले, आणि मानकऱ्यांनी त्यांचा मान परत दिला.

जत्रेला मी देवळाच्या गडग्यापाशी जाऊन उभी राहिले. गावकराने हात जोडून पहिलं वाक्य संपवलं, आणि सगळा गाव थांबला. मामा गप्प. ओठ मिटलेले, कोर्टातल्यासारखे. त्यांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं.

"इनासिया," ते म्हणाले, "आता म्हणू मां गो?"