उताऱ्याला योग्य शीर्षक द्या

नवरा विद्यार्थी म्हणून कुणाच्या वाट्याला येऊ नये. माझ्या वाट्याला आला तो साठी ओलांडलेला, हट्टी आणि मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीच्या गादीवर बसून आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प करणारा.

मी उमादेवी, अहमदपूरच्या शाळेतली निवृत्त बाई. पोरं मला टरकून असायची आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. छोटा उतारा वाचायचा, त्यात मुख्य सांगणं काय ते शोधायचं आणि उताऱ्याला योग्य शीर्षक द्यायचं, हे मी इतक्यांना शिकवलंय की मोंढ्यातले निम्मे व्यापारी माझ्या हातचा मार खाऊन मोठे झालेत.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांना, म्हणजे सिद्धेश्वरांना, लकवा मारला. पाय हळूहळू आला, डावा हात आला नाही. सकाळी इष्टलिंगाची पूजा करताना त्या डाव्या तळहाताला मी खालून आधार देते. बाकी भस्म लावण्यापासून सगळं ते स्वतः करतात. बोलणं शाबूत, आठवणही शाबूत. फक्त ऐकलेल्यातलं सार निसटतं. अशा आजारानंतर बोलणं-समजणं पुन्हा शिकवणाऱ्या अक्षरा मॅडम लातूरला आहेत. त्यांनी पहिल्याच भेटीत एक उतारा वाचून दाखवला. गावानं मिळून विहिरीतला गाळ काढला, चार माणसं खाली उतरली, एकाचा पाय मुरगळला आणि त्या उन्हाळ्यात टँकर लागला नाही.

"काका, यात मुख्य काय सांगितलंय?"

"एकाचा पाय मुरगळला," हे म्हणाले. "पर कोनता पाय, ते सांगितलं न्हाई तुम्ही."

मला हसू आलं. मॅडमना आलं नाही.

आडतीच्या धंद्यात हाच दोष चालत नाही. शेतकरी येतो, पोरीच्या सोयरिकीचं बोलतो, बैलाच्या दुखण्याचं बोलतो, आणि त्या सगळ्यात मनातली गोष्ट एकच असते, की माल आज विकायचा नाही. ती ज्याला सापडत नाही, त्यानं गादीवर बसू नये. आमचा मुलगा राजशेखर लातूरला नोकरीला आहे. तो म्हणाला, "आई, सोयाबीन मोंढ्यात यायच्या आत आप्पांना हे उतारे जमले, तर दुकान त्यांचंच. न्हाई तर मल्लिनाथला देऊन टाकू. बंद दुकान किती दिस ठिवायचं?" मल्लिनाथ माझ्या दिराचा मुलगा. अट वाजवी होती, म्हणूनच माझं डोकं फिरलं. रोज पूजा झाली की हे टोपी घालून दारात बसत आणि विचारत, "निघायचं का दुकानाला?" मला एकदा तरी हो म्हणता यावं, एवढीच माझी इच्छा होती.

मग मी घरीच शाळा भरवली. उतारे स्वतः लिहिले. मिठावर, पोस्टावर, मधमाश्यांवर. सुरुवातीला हे प्रत्येक उताऱ्याला एकच शीर्षक द्यायचे. तूर.

"अहो, मधमाशीचा अन् तुरीचा काय संबंध?"

"तुरीच्या फुलावर बसती की ती."

"वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला!"

"मग दुकान कोन बघितलं असतं?" हे शांतपणे म्हणाले.

आणि श्रावणात उत्तरं बरोबर यायला लागली. मधमाश्यांमुळे पिकाला फळ धरतं. बरोबर. मीठ नसतं तर माणूस जगला नसता. बरोबर. मी राजशेखरला फोन करून सांगितलं, शेजारच्या अंबिकाला सांगितलं, गादीची खोळ आणवून धुतली. स्वयंपाकघरात दार लावून रडलेसुद्धा. आनंदानं रडायची मला सवय नाही, पण रडले.

पुढच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लातूरला गेलो. मॅडमनी उतारा वाचला. सकाळी आकाश निरभ्र होतं, शाळा नेहमीसारखी भरली, गुरुजींना नदीचं पाणी गढूळ दिसलं, त्यांनी मुलांना वरच्या वस्तीत नेलं आणि पुरातून सगळी मुलं वाचली.

"सकाळी आकाश निरभ्र होतं," हे ताबडतोब म्हणाले, आणि पहिला नंबर आलेल्या पोरासारखं माझ्याकडे बघितलं.

मॅडमनी दुसरा वाचला. तेच. तिसरा वाचला. तेच. मग त्यांनी माझे उतारे मागितले आणि बराच वेळ वाचत बसल्या.

"काकू, तुम्ही मुख्य वाक्य प्रत्येक वेळी सुरुवातीलाच लिहिलंय."

लिहिणारच. आम्ही शाळेतली माणसं. आधी मुद्दा सांगायचा, मग उदाहरणं द्यायची, दुसरं काही हाताला येतच नाही. ह्यांना मुद्दा सापडत नव्हता, त्याची जागा तेवढी कळली होती. बायको खूश होते म्हणून बिचारे पहिलं वाक्य म्हणत होते.

"आता सुधारणा होईल का?" मी विचारलं.

"जे परत यायचं ते बहुतेक आलंय, काकू," मॅडम म्हणाल्या. त्यांना हे सांगताना जड गेलं, पण सांगितलं.

परतीच्या एसटीत ह्यांनी विचारलं, "बरोबर आलं न्हाई का गं?" मी सुट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडले. कुणाशी तरी भांडायचंच होतं.

सोयाबीन मोंढ्यात यायला लागलं. राजशेखर रविवारी आला तो मल्लिनाथच्या हाती किल्ली देऊनच घरी आला. वडिलांसमोर मांडी घालून बसला आणि गोड आवाजात बोलायला लागला.

"आप्पा, यंदा पाऊस बरा झालाय. सोयाबीनला शेंगा लई चांगल्या हायत. मोंढ्यातला रस्ताबी नवा केलाय. मल्लिनाथ गादीवर बसंल, तो तुमच्या शब्दाबाहेर न्हाई. तुम्ही आता आराम करा. दिवाळीला लातूरला या, नातवंडं वाट बघून राहिलीत."

ह्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. पाऊस बरा झालाय, एवढंच त्यांनी म्हणावं, असं मला मनापासून वाटलं. महिनोन्‌महिने डोकं फोडून घेतलेली मी, त्यांनी चुकावं म्हणून देवाला हात जोडत होते.

"दुकान गेलं," हे म्हणाले.

राजशेखर जे बोलला त्यात हे वाक्य कुठेच नव्हतं. सगळ्यातून ते त्यांनी स्वतः काढलं होतं. एकट्यानं. त्यांची हनुवटी थरथरायला लागली आणि ते सवयीनं माझ्याकडे वळले.

"बरोबर हाय का?"

राजशेखरनं मान खाली घातली. मल्लिनाथनं सकाळीच दुकान उघडलं होतं, सौदे सुरू झाले होते. ह्या एका उत्तरानं त्यातलं काही माघारी येणार नव्हतं, आणि उद्या हे उत्तर पुन्हा येईल असंही नव्हतं. आजवर मी कुणाचं बरोबर उत्तर चूक दिलं नाही. वैऱ्याच्या पोराचंसुद्धा नाही.

"चुकलं," मी म्हणाले. "पाऊस बरा झालाय, हे उत्तर हाय."

त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला.

"पाऊस बरा झालाय," ते म्हणाले, आणि नीट ध्यानात राहावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाले. हनुवटीची थरथर थांबली. मग त्यांनी चांगल्या हातानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला आता काईच कळंना झालंय, उमा."