खडकाचं साल

सकाळी मागचं दार उघडलं आणि पाहते तर काय, काचेचे दोन तुकडे!

आमच्या स्वयंपाकघराच्या मागे, जेमतेम चार हातांवर, घराएवढा खडक उभा आहे. महिन्यापूर्वी त्याच्यावरची जुनी भेग रुंदावल्यासारखी दिसली, म्हणून पाहणीला आलेल्या इंजिनियरसाहेबांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली आणि बजावलं, "ही फुटली तर भेग वाढतेय असं समजा. घर सोडा आणि मला फोन करा."

फोन केला. साहेब दुपारी येणार होते. नवरा भाड्याची खोली बघायला पळाला. मी भांडी बोचक्यात बांधायला घेतली आणि दिसेल त्याच्यावर खेकसत सुटले. दिसायला घरात होते एकटे सासरे.

"बाबा, उठा ना! खडक डोक्यात पडल्यावर उठणार का?"

ते ढिम्म. चाळीस वर्षं पाथरवटाचं काम केलेला माणूस. छिन्नी-हातोड्यानं कान पार गेलेले. कानाशी ओरडलं तरच थोडंफार पोहोचतं.

खरं सांगू? राग त्यांच्यावर नव्हताच. त्या भेगेतून मुंग्या घरात यायच्या, म्हणून अकरा वर्षं रोज सकाळी मी खिडकीतून तिथे उकळतं पाणी फेकत होते. कडाक्याच्या थंडीतसुद्धा! गार पेल्यात कढत चहा ओतला की पेला तडकतो, हे काय मला माहीत नव्हतं? राहतं घर मीच बुडवलं, हे मनाला खात होतं, आणि तोंडातून नुसता जाळ निघत होता.

बाबा उठले ते थेट हातोडा घेऊन मागच्या दाराकडे निघाले. मी आडवी आले.

"सरक," ते म्हणाले. "दगड आवाजानं सांगतो. मी ठोकतो, तू ऐक. माझे कान गेले, तुझे आहेत ना? का नुसतं तोंडच चालतं?"

भेगेच्या कडेला उभं राहून त्यांनी पहिला ठोका मारला.

"भद्द!" मी ओरडले. "पोकळ आहे, बाबा!"

ते माझ्या तोंडाकडे बघत एकेक वीत पुढे सरकत गेले. भद्द. भद्द. मग एकदम खण्ण! खाली, खण्ण. पलीकडे, खण्ण. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी कोळशानं रेघ मारली. रेघेच्या आतला पोकळ तुकडा दाराएवढा भरला.

"लांब हो," म्हणत त्यांनी बाजूनं भेगेत पहार घातली आणि जोर लावला. धाडकन तुकडा खाली आला. जाडी किती? चार बोटं! आतून कोरा, निळसर दगड दिसला. बाबांनी तिथे ठोकलं.

"खण्ण! बाबा, खणखणीत!"

माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडी मेली सगळी बोचक्यात. मी तिथेच बसून रडले. मग त्यांच्या कानाशी ओरडून पाण्याचं सगळं कबूल केलं.

बाबा खो-खो हसले. "अगं वेडे, ऊन, पाऊस, गारठा हजारो वर्षं त्याला कांद्यासारखं सोलतायत. तुझ्या पातेलंभर पाण्याला तो काय भीक घालतो! मुंग्या तरी मेल्या का?"

"नाही."

"कशा मरतील? सगळ्या माझ्या खोलीत येतात."

दुपारी साहेबांनी तासभर ठोकून, मोजून पाहिलं. "वरचं साल तेवढं सुटलं होतं. आतला खडक पक्का आहे. राहा खुशाल," ते म्हणाले. पहारीबद्दल मात्र आम्हाला चांगलंच झापलं.

साहेब गेल्यावर मी त्यांचं बोलणं बाबांच्या कानात ओरडले. त्यांनी हात झटकला.

"साहेबांचं राहू दे. तुला शेवटी काय ऐकू आलं, ते सांग परत."

मी सांगितलं. तीनदा सांगायला लावलं त्यांनी. तिसऱ्या वेळी डोळे मिटून मान हलवली. मग मी बोचक्यांच्या गाठी सोडायला बसले.