डाव्या हाताची झीज

माझ्या डाव्या हातावरचं कापड उजव्याच्या खूप आधी विरलं. आधी रंग गेला, मग धागे दिसू लागले, आता आतला स्पंज डोकावतो. उजवा हात अजून नव्यासारखा आहे.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. चित्रपट लोकांसमोर येण्याआधी समीक्षकांना ज्या लहानशा चित्रपटगृहात दाखवतात, तिथे डाव्या भिंतीलगत माझी जागा. नवी होते तेव्हा माझ्यासाठी रुसवेफुगवे होत. पुढे मागच्या रांगेत मऊ खुर्च्या आल्या आणि मी एकट्या बाईंची उरले.

बाई वर्तमानपत्रात लिहितात. बाकीच्यांना नको असलेले ॲनिमेशनपट आणि संगीतावरचे माहितीपट त्यांच्याकडे येत. "पोराबाळांचं आणि गाण्याबजावण्याचं तुम्हीच बघा, बाई," असं एक दाढीवाले समीक्षक म्हणत. बाईंचा जीव गाण्यात होता. ॲनिमेशनपटाला त्या स्थिर बसत. गाणं सुरू झालं की त्यांची टाच माझ्या पायावर ठेका धरी.

भिंतीवर, माझ्या डोक्याशी, स्पीकर आहे. अलीकडे बाई त्याच्याकडे कलून बसू लागल्या. सगळा भार माझ्या डाव्या हातावर येई.

एकदा एका म्हाताऱ्या बासरीवादकावरचा माहितीपट लागला. तो त्याच्या सुनेनेच केला होता. शेवटी पडद्यावर नुसतं रिकामं अंगण होतं. ढोल वाजला तर तो मला लाकडातून कळतो; तेव्हा काहीच कळलं नाही. बाईंची टाचही थांबली. शेवटची ती शांतता फार धाडसी आहे, असं बाईंनी लिहिलं. वाक्य गाजलं. मग सगळ्यांनीच शांततेची वाखाणणी केली. दाढीवाल्यांनी तर तिच्यावर दोन परिच्छेद खर्ची घातले.

काही दिवसांनी ती सून बाईंना भेटायला इथेच आली. दाढीवालेही शेजारी होते.

"शांतता नव्हती हो तिथे," ती म्हणाली. "मामंजी वाजवत होते. अगदी बारीक, वरच्या पट्टीत. आता म्हणतात, माझी फुंकच संपली असणार, एवढ्या जाणकारांना ऐकू आली नाही म्हणजे. बासरी खाली ठेवलीय त्यांनी."

बाईंनी दाढीवाल्यांकडे पाहिलं.

"मी तेव्हा बाहेर फोनवर होतो," ते म्हणाले. "तुमचं वाचूनच लिहिलं."

पुढे बरेच ॲनिमेशनपट आले. बोलके ससे आले, रुसलेले ढग आले. बाईंनी त्यांच्यावर नेटकं लिहिलं. बासरीचा विषय त्यांनी काढला नाही.

मध्यंतरी एक कारागीर माझं माप घेऊन गेला. मित्रांनो, एखादी वस्तू एकाच बाजूने झिजली, तर नवं कापड चढवण्याआधी ती तिथेच का झिजली, हे जरूर पाहा. माणसांच्या बाबतीतही पाहा.

आज पुन्हा गाण्याचा माहितीपट आहे. बाई आल्या, पण बसल्या नाहीत. माझ्या विरलेल्या हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बसा की, बाई," दाढीवाले म्हणाले. "आजही एखादी शांतता सापडेल."

"सापडेल ना, म्हणूनच बसत नाही," बाई म्हणाल्या. "बारीक सूर मला ऐकू येत नाहीत. त्या अंगणात बासरी होती, कमी पडले ते माझे कान, असं उद्याच्या अंकात लिहितेय. गाण्याचे माहितीपट यापुढे तुम्ही बघा. शेवटपर्यंत बसून."