पूजेला बसलेला नवरदेव

मी एक लॅपटॉप बोलतोय. दिवाणखान्यातला तो चकचकीत नव्हे. मी दुसरा. पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेला, झाकण सुतळीनं बांधलेला आणि एक बटण गळालेला.

सांगलीच्या गंगाधररावांचा कुपवाडला लेथचा छोटा कारखाना होता. तिथली पत्रं टाइप करायला त्यांनी मला आणलं. बिराप्पा मिस्त्री ग्रीसच्या बोटांनीच माझी बटणं दाबायचे. मी अडलो की म्हणायचे, "लय दमलास व्हय रं?" एवढी माया मला पुढं कुणी केली नाही.

मग अठ्ठ्याण्णव साली गंगाधररावांचे मेहुणे अनीश दुबईहून आले आणि येताना नवा लॅपटॉप घेऊन आले. काय त्याचा थाट! गंगाधररावांच्या पत्नी उमावहिनींनी त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. काचेवरचं प्लास्टिक मात्र कुणाला काढू दिलं नाही. पाहुणे त्याच्यापुढं चप्पल काढून उभे राहायचे. मी मनातल्या मनात त्याचं नाव नवरदेव ठेवलं. नटायचं, बसायचं आणि कौतुक करून घ्यायचं, दुसरं काम काय त्याला?

एकदा अनीशरावांना आमची शर्यत लावायची हुक्की आली. मोडेम एकच, फोनची तार एकच. आधी त्याला जोडलं, मग मला. तेच पान, तेच चित्र. त्याच्याकडंही ते वरून खाली पट्टीपट्टीनं उतरलं, माझ्याकडंही तसंच. दोन्ही वेळा चहा गार झाला. अनीशराव म्हणाले, लाइनच खराब आहे. अहो, मग तीच तर गोष्ट! तार एक असली की नवरदेवही रांगेतच उभा राहतो. पण हे कबूल करायचं म्हणजे केवढा खर्च वाया गेल्याचं कबूल करायचं. त्यापेक्षा मला माळ्यावर टाकणं सोपं होतं. तसंच केलं.

गंगाधररावांची मुलगी मयूरी हुशार. बंगळूरच्या एका संस्थेत संगणक शिकायला तिची निवड झाली. ज्याला संगणक शिकायचाय त्यानं होकारही संगणकावरूनच कळवावा, असा त्या लोकांचा हेका. नवमीच्या संध्याकाळी पाचपर्यंत त्यांच्या पानावर होकार गेला नाही, तर जागा दुसऱ्याला. निरोप आला आदल्या दिवशी आणि त्यानंतर लगेच फोनची लाइन मेली. ती जिवंत झाली थेट नवमीच्या दुपारी.

तोवर घरात खंडेनवमी झाली होती. पाटावर कारखान्यातले नट आवळायचे पाने, कैची, विळी आणि मधोमध नवरदेव. हळदीकुंकू, झेंडूचा हार, बटणांच्या फटीत अक्षता. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही घरची रीत. मयूरीनं हार उचलायला हात पुढं केला तशी उमावहिनींनी तिचा हात धरला.

"आज नाही. तुझ्याच भल्यासाठी बसवलंय ना त्याला?"

गंगाधरराव लेकीकडं बघत राहिले, पाटाकडं बघत राहिले. मयूरी सायकल काढून गावातल्या इंटरनेटच्या दुकानांत जाऊन आली. तिथंही सगळी यंत्रं हार घालून गप्प बसलेली! शिकलेल्या माणसांचं हे असं. वर्षभर यंत्राला शिव्या द्यायच्या आणि गरजेच्या दिवशी नेमका त्याचा देव करायचा.

तेव्हा तिला मी आठवलो. मला कुणी पूजेला बसवलंच नव्हतं. माळ्यावरच्या भंगाराला कोण कुंकू लावतं?

तिनं मला ओढून काढलं, फडक्यानं पुसलं, भिंतीच्या वायरला जोडलं. मी खोकत, घरघरत चालू झालो. पान उतरायला लागलं. मध्येच कुणीतरी फोन केला आणि लाइन तुटली. मयूरीचे डोळे भरून आले. तिनं पुन्हा जोडलं. पट्टीपट्टीनं पान आलं, खालचं बटण दिसलं, तिनं दाबलं. पाच वाजायला थोडाच वेळ होता. आणि मग माझ्या फिकट पडद्यावर उमटलं, जागा पक्की.

गंगाधरराव हर्षानं ओरडले, "बघ, नव्या लॅपटॉपची पूजा फळली!"

ऐकलंत? नवरदेवानं डोळासुद्धा उघडला नव्हता.

उमावहिनींना मात्र थोडं वाईट वाटलं असावं. त्या कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडं वळल्या. मयूरीनं माझ्यावर दोन्ही हात आडवे धरले.

"आई, त्याला नको लावू. तोही बसून राहील."

आज मी बंगळूरला तिच्या टेबलावर आहे. सुतळी बदलून तिनं तार गुंडाळलीय. माझे फार दिवस उरलेत असं नाही. नवरदेव सांगलीतच आहे, प्लास्टिकसकट, आणि पाहुणे अजून त्याच्यापुढं चप्पल काढतात. तुम्हीही एखादा घ्याल तर एवढंच करा, ते प्लास्टिक पहिल्या दिवशी फाडा. दरवर्षी खंडेनवमी येते. त्या दिवशी मयूरी मला हटकून चालू करते.