मी त्यांच्यातला नाही

आमच्या बोट क्लबचा एकच नियम आहे. ताफा सगळ्यांत हळू बोटीच्या चालीनं चालायचा. नियम केला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण सगळ्यांत हळू बोट दुसऱ्या कुणाची तरी असणार अशी प्रत्येकाची खात्री होती. ती डेल्बर्टची निघाली. टेनेसी नदीत नुसती सोडून दिलेली फळीही तिच्या आधी पोचेल, असं माझं मत आहे.

त्या शुक्रवारी मला चारच्या आत धरणाखालच्या धक्क्यावर पोचायचं होतं. माझा मुलगा कर्टिस नऊ वर्षांच्या टेसाला तिथं आणून सोडणार होता. आठवडाभर नात आमच्या बोटीवर राहणार! गेले दोन उन्हाळे मी उशिरा पोचलो आणि दोन्ही वेळा तो तिला घेऊन परत गेला. या वेळी त्यानं फोनवर बजावलं होतं, "बाबा, चार म्हणजे चार. पोरगी पुन्हा धक्क्यावर रडली, तर पुढच्या वर्षी विचारूसुद्धा नका."

सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. साडेआठला डेल्बर्टचा कुत्रा किनाऱ्यावर फिरायला गेला. नऊला डेल्बर्ट कुत्र्याला शोधायला गेला. दहाला आमचे अध्यक्ष गारलँड या दोघांना शोधायला गेले. आम्ही निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

धरणाजवळ आल्यावर मी पुढे सटकलो. धरणाच्या कडेला लॉक आहे. बोटी आत घेतात, दार लावतात, पाणी उतरवतात आणि खालच्या दारानं सोडतात. मी रेडिओवर लॉकवाल्याला हाक मारली.

"या आत," तो म्हणाला. "खालून कोळशाचा बार्ज येतोय, त्याच्यासाठी पाणी उतरवायचंच आहे. मागे वळणावर पाच बोटी दिसतायत, तुमच्याच ना? दहा मिनिटं थांबतो. सगळे एकदमच जा. नाहीतर बार्ज वर येईपर्यंत त्यांना दोन तास तिष्ठावं लागेल."

मी मागे पाहिलं. चार बोटी येत होत्या. पाचवी, डेल्बर्टची, येत असल्यासारखी वाटत होती. डेल्बर्टची दहा मिनिटं म्हणजे पाऊण तास.

"मी त्यांच्यातला नाही," मी म्हणालो. "थांबू नका."

"तुमच्या काठीवर त्यांचाच झेंडा दिसतोय."

"जुना आहे. काढायचा राहिलाय."

नदीवर सगळे एकाच चॅनेलवर ऐकत असतात. पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग गारलँडचा आवाज आला, "लॉकवाले भाऊ, जाऊ द्या त्यांना. आम्ही ओळखत नाही."

दार बंद झालं. माझी बायको नदीन दोर धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "एल्डन, तीस वर्षं मी तुझी बाजू घेत आले. आज जरा दमलेय."

सव्वातीनला आम्ही धक्क्याला लागलो. चार वाजले. कर्टिस नाही. साडेचार वाजले. फोन उचलत नव्हता. पाच. मी इतका वेळेवर कधीच आलो नव्हतो आणि ते बघायला एकही माणूस नव्हता.

साडेपाचला ताफा आला. आमच्यात पद्धत आहे, आधी पोचलेल्यानं मागच्यांचे दोर झेलायचे. मी झेलले. उन्हानं टोमॅटो झालेल्या गारलँडनं टोपी काढून विचारलं, "आभारी आहे. आपण या भागातलेच का?" बाकी तिघांनी नुसतेच दोर फेकले, एकानं माझ्या तोंडावर.

डेल्बर्ट मात्र काळजीनं म्हणाला, "पोरगी आली ना रे? नदीननं आत्ता रेडिओवर नातीचं सांगितलं. आधी कळलं असतं तर आम्हीच म्हटलं असतं, तू पुढे हो. नुसतं सांगायचंस की!"

मी त्याचा दोर बांधला आणि सुटू नये म्हणून परत बांधला.

तेवढ्यात पार्किंगकडून टेसा धावत आली. मागून बॅग घेऊन कर्टिस. मला पाहून तो थबकला.

"बाबा! तुम्ही इतक्यात आलात?"

"इतक्यात? सव्वातीनपासून उभा आहे! चार म्हणजे चार म्हणाला होतास ना?"

"चार सांगितलं म्हणजे तुम्ही सहापर्यंत याल, असा हिशेब होता. फोन गाडीत चार्जिंगला लावलाय. आम्ही त्या मागच्या दुकानात बसलो होतो."

"कधीपासून?"

"पावणेपाचपासून!" टेसा म्हणाली. "मी दोन आइस्क्रीम खाल्ली, आजोबा."

दुकान धक्क्यापासून शंभर पावलांवर आहे. डेल्बर्टनं तिला उचलून माझ्या बोटीवर ठेवलं आणि कुठली कुठली आइस्क्रीम, म्हणून विचारलं. तिनं सविस्तर सांगितलं. पाची बोटींवरचे लोक कान देऊन ऐकत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते.

मी खाली जाऊन इंजिनाचं तेल तपासलं. तेल व्यवस्थित होतं. तरी बराच वेळ तपासत बसलो.