आजोबांची पट्टी

कल्पना करा बरं, एका खोलीत पाच माणसं एकदम गातायत आणि प्रत्येकाच्या आवाजाला एकेक नळ बसवलाय. सोडला की आवाज मोठा, आवळला की बारीक. हे पाचही नळ तुमच्या हाती दिले, तर आधी कुणाचा सोडाल? घाई करू नका. भिंगरीने काय केलं ते ऐका.

भिंगरी म्हणजे घरभर गरगर फिरणारी एक मुलगी. आत्या परगावी नोकरीला होती आणि उद्या तिचा वाढदिवस. म्हणून घरच्यांनी मिळून तिच्यासाठी गाणं बसवलं होतं. गाणं आईने म्हटलं, गिटार दादाची, ड्रम काकाचा. शेवटच्या दोन ओळी मात्र आजोबांच्या.

घशाच्या ऑपरेशननंतर आजोबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. आत्याचा फोन आला की ते हातानेच 'नको' म्हणत. तेव्हापासून आत्याने त्यांचा आवाज ऐकलाच नव्हता. खूप मिनतवाऱ्या केल्यावर ते एकदाचे माइकसमोर बसले आणि उठताना म्हणाले, "झालं. आता पुन्हा सांगू नका." त्या ओळी फार एकट्या वाटू नयेत म्हणून भिंगरीने मागाहून आपलाही आवाज त्यांना जोडला.

आवाज जुळवायचं काम तिच्याकडेच होतं. कॉम्प्युटरवर प्रत्येकाची एक पट्टी. पट्टीवरचं बटण वर सरकवलं की तो आवाज वाढायचा. शेजारी हिरवा दिवा चढत जायचा. तो लाल झाला की समजायचं, आवाज फाटतोय.

भिंगरी पाणी प्यायला गेली आणि परत येऊन बघते तर ड्रमची पट्टी वर!

"काका, तू हात लावलास?"

"मी? छे! ड्रम आपणहून चढला असेल."

"मग गिटारही चढव," दादा म्हणाला. "मी काय झोपा काढत होतो?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी काही बोलत नाही हं. पण गाणारीच ऐकू आली नाही, तर कसं?"

सगळ्यांचं मन राखता राखता सगळ्या पट्ट्या वर गेल्या. दिवे लालभडक झाले, गाणं खरखरू लागलं आणि आजोबा पार गडप. भिंगरीने त्यांची पट्टी वर ढकलली, तर आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि खुर्चीची करकरही वाढली.

"आजोबांपेक्षा त्यांची खुर्चीच छान गाते," दादा हसला.

कोपऱ्यात आजोबा पेपर वाचत होते. पेपर जरा वर सरकला आणि त्यांचा चेहरा त्यामागे झाकला गेला.

भिंगरीने ते पाहिलं. मग तिने एकेक करून काका, दादा आणि आई यांची बटणं तळाला नेली.

"अगं बाई! काय केलंस हे?" काका ओरडला.

तिने आधी आजोबांची पट्टी बेताची लावली. मग एकेकाला हळूहळू वर आणलं. आजोबा झाकले जातायत असं वाटलं की तिथेच थांबायचं.

"माझा ड्रम शेजारच्या घरात वाजतोय!"

"ऐकू येतोय ना? मग झालं तर."

काकाने तोंड वाकडं केलं, पण ऐकत राहिला. दिवे हिरवे होते. गाणं स्वच्छ वाजत होतं. तरी शेवटच्या दोन ओळींत आजोबा काही नीट कळेनात. भिंगरीने पट्ट्यांवरून नजर फिरवली. एक बटण अजून वरच्या टोकाला होतं. ते काही काकाने सरकवलं नव्हतं. सगळ्यांच्या आधी, काम सुरू करतानाच, तिने स्वतःच ते तिथे नेऊन ठेवलं होतं.

ती पट्टी तिच्या आवाजाची होती.

भिंगरीने मागे वळून पाहिलं. पेपर तसाच उभा होता. तिने आपलं बटण पार तळाला नेलं, शेवटच्या दोन ओळी पुन्हा ऐकल्या, खुर्चीची करकर तशीच राहू दिली आणि गाणं आत्याला पाठवून दिलं.